घरी मॅडमना काय म्हणायचं

काकांचं लग्न झाल्याचं मला जिन्यात कळलं.

ते दोन हातांत दोन खुर्च्या घेऊन वर येत होते. काकांकडे आजवर एकच खुर्ची होती. मी गेले की ती मला मिळायची आणि ते स्वतः हत्यारांच्या पेटीवर बसायचे.

"पाहुणे येणार आहेत?" मी विचारलं.

"नाही. लग्न झालंय."

"कोणाचं?"

काकांनी खुर्च्या पायरीवर टेकवल्या. प्रश्न त्यांना रास्त वाटला असावा.

"तसं बघायला गेलं तर माझंच," ते म्हणाले.

मी कठडा धरला. काका पन्नाशी ओलांडलेले. एकट्याचा संसार सुरळीत चालला होता. ताट एक, टॉवेल एक, उशी एक. मागच्याच आठवड्यात मी त्यांना म्हटलं होतं, निदान दुसरा चमचा तरी घ्या. तर म्हणाले होते, उगाच पसारा कशाला.

"कोणाशी?"

"मॅडमशी," काका म्हणाले आणि खुर्च्या उचलून वर गेले.

मॅडम म्हणजे त्यांच्या साहेब. काका इथल्या मोठ्या हॉस्पिटलात लिफ्टचे मेकॅनिक. तिथल्या देखभाल विभागाच्या प्रमुख म्हणजे मॅडम. लिफ्ट, जनरेटर, पाण्याचे पंप, गळके नळ, सगळं त्यांच्या हाताखाली. काकाही. वयानंसुद्धा त्या काकांहून मोठ्या. काका त्यांच्याबद्दल बोलायचे ते हवामानाबद्दल बोलल्यासारखं. आज मॅडम गरम आहेत. आज मॅडम निवळल्या आहेत. हवामानाशी कोणी लग्न करेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस रोज तीन जिने चढून घरी येतो. त्यांच्या समोरच्या खोलीत मी भाड्यानं राहते. साहित्यात पदवी घेऊन मी या शहरात आले आणि एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायला लागले. पहिल्याच दिवशी माझी खिडकी अडकून बसली. काकांनी ती काढली, तासली, परत बसवली आणि जाताना म्हणाले, "आता ऐकेल ती." तेव्हापासून आमची मैत्री. ते मला प्रोफेसर म्हणतात. मी प्रोफेसर नाही, हे त्यांना माहीत आहे.

लग्न ठरलं कसं, ते मी त्यांच्याकडून हप्त्याहप्त्यानं काढून घेतलं.

हॉस्पिटलच्या लिफ्टची यंत्रखोली गच्चीवर आहे. तिथे लोखंडी शिडीनं जावं लागतं. काका दुपारचा डबा तिथेच खायचे, मोटारींच्या घरघरीत, ग्रीसच्या वासात. एक दिवस मॅडम शिडी चढून आल्या. धाप ओसरेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "तू रोज एकटाच जेवतोस ना?"

"हो मॅडम."

"मीपण एकटीच जेवते."

"हो मॅडम."

"हे काही बरं नाही. लग्न करूया का?"

"हो मॅडम."

"आणि मग?" मी काकांना विचारलं.

"मग त्या म्हणाल्या, तीन नंबरचा दरवाजा आवाज करतोय. ते बघायला मी खाली गेलो."

"काका, तुम्हाला आनंद झाला की नाही?"

काका पेटीवर बोटं वाजवत बसले.

"झाला ना," ते म्हणाले. "पण ती विचारणा होती की ऑर्डर, ते अजून नीट कळलेलं नाही."

मॅडम राहायला आल्या. सोबत एक शिवणयंत्र, एक फ्रिज आणि भांड्यांची दोन खोकी. फ्रिज वर चढवताना काका खालच्या बाजूला होते आणि मॅडम वरून सूचना देत होत्या. दोघांचीही ती नेहमीची जागा असावी. घर दोन दिवसांत ओळखू येईना. खिडकीला पडदा आला. टॉवेलांना खुंट्या आल्या. मॅडमनी नियम एकच केला.

"घरी मला मॅडम म्हणायचं नाही."

"हो मॅ..." काका म्हणाले.

इथून पंचाईत सुरू झाली.

मॅडम नाही, तर मग काय? नावानं हाक मारणं शक्य नव्हतं. त्या नावाची पाटी केबिनच्या दारावर होती आणि टकटक केल्याशिवाय काका कधी त्या नावाच्या पुढे गेले नव्हते. 'तुम्ही' म्हटलं की मॅडम म्हणायच्या, "मी काय पाहुणी आहे?" 'तू' म्हणायला काकांची जीभ रेटेना. एकदा त्यांनी मनाचा हिय्या केला. मॅडम ओट्यापाशी उभ्या होत्या. काका दारात आले. घसा साफ केला. म्हणाले:

"अगं मॅडम."

मॅडमना हसता हसता खाली बसावं लागलं. दूध उतू गेलं. काकांनी तो मार्ग कायमचा बंद केला.

मग त्यांनी वेगळीच युक्ती काढली. त्यांनी वाक्यांतून माणसंच काढून टाकली.

मी चहाला गेले होते, तेव्हा ते माझ्या लक्षात आलं. "चहा टाकायचा का?" "साखर पुरे झाली का?" "पंखा लावला तर चालेल का?" "डोकं दुखायचं थांबलं का?" "बातम्या बघायच्या, की जेवून घ्यायचं?" कोणी टाकायचा, कोणाला पुरे, कोणाचं डोकं, काही पत्ता लागत नव्हता. माझा कप हातातच राहिला. मी भाषा शिकले, पण असं काही मला कोणी शिकवलं नव्हतं. हा माणूस अख्खी संध्याकाळ संसार करत होता आणि त्याच्या एकाही वाक्यात कोणी राहत नव्हतं.

मॅडमना ते माझ्याआधीच कळलं होतं.

"बघ," त्या मला म्हणाल्या. "आमच्या घरी सगळं आपोआप होतं. चहा होतो. भांडी घासली जातात. परवा माझा वाढदिवसही साजरा करण्यात आला."

काका म्हणाले, "बिस्किटं आणायची का?"

मला वाटायचं, काका मुळातच अबोल. मग माझं मनगट मुरगळलं आणि मी त्यांच्या हॉस्पिटलात गेले. तळमजल्यावर जनरेटरच्या खोलीला लागून मॅडमची केबिन आहे. दार उघडं होतं. टेबलावर काच, काचेखाली इमारतीचा नकाशा, नकाशावर दोघांचीही बोटं.

"मी तुम्हाला मागेच सांगितलं होतं मॅडम, दोन नंबरचा दोर बदलायला झालाय."

"तू काय, नवीन दोर लावला तरी दुसऱ्या दिवशी म्हणशील बदलायला झालाय."

"मग तुम्ही वर येऊन बघा. तारा सुटल्यात."

"मागच्या वेळी आले होते तेव्हा तू मला ग्रीसमध्ये उभी केली होतीस."

"तुम्हीच तिथे उभ्या राहिलात. मी म्हणालो होतो, इकडे या."

"बरं. बंद कधी ठेवायची?"

"रविवारी. आणि दोन तासांत काम उरकेल, असं कोणाला सांगू नका. दिवस जाईल. मी कबूल केलेलं नाही."

मी मनगट धरून दारात उभी. मी, तू, तुम्ही, सगळे हजर होते. काकांचा आवाज चढला होता. मॅडम त्यांना घड्याळ दाखवत होत्या आणि काका घड्याळाकडे बघत नव्हते. मग मॅडमचं लक्ष माझ्याकडे गेलं. काकांचंही गेलं. त्यांनी टेबलावरची पकड उचलून खिशात टाकली.

"हाताला लागलंय वाटतं," ते म्हणाले.

माणसं पुन्हा नाहीशी झाली होती.

त्यानंतरच्या आठवड्यात काका माझ्या दारात उभे राहिले.

"प्रोफेसर, इंग्रजी शिकव."

"आता? कशासाठी?"

काकांनी दार लोटून घेतलं. "लिफ्ट कंपनीचे परदेशी इंजिनियर आले होते. ते मॅडमना यू म्हणतात. मलाही यू म्हणतात. फरशी पुसणाऱ्या मावशींनाही यूच. कोणाला राग येत नाही. कोणाला लाज वाटत नाही. एका शब्दात सगळे मोकळे."

बायकोला काहीतरी म्हणता यावं म्हणून हा माणूस एक अख्खी भाषा शिकायला निघाला होता.

इंग्रजी त्यांना येत होतं, पण सुट्या भागांसारखं. ओव्हरलोड. रिव्हर्स. डोअर ओपन. भाग जोडून वाक्य चालवायची वेळ कधी आली नव्हती. मी पहिल्यापासून सुरुवात केली. आय गो. यू गो. वी गो. दे गो.

"सगळ्यांना एकच गो?" काका खूश झाले. जातो, जाते, जातोस, जातेस, जातात, ही सगळी भानगड त्यांनी हातानं बाजूला सारली. "साधी माणसं आहेत."

"पण ही गोज," मी म्हणाले. "शी गोज. इट गोज."

"हे मध्येच काय?"

"तिथे शेवटी एस लागतो."

"का?"

मी म्हटलं, लागतो. पदवी घेतली म्हणून सगळ्याचं उत्तर येत नाही. काका विचारात पडले आणि त्यांनी स्वतःपुरतं एक उत्तर बनवलं. लिफ्टच्या डब्याला तोलायला दुसऱ्या बाजूनं वजन सोडलेलं असतं, त्याला ते काउंटरवेट म्हणतात. "आय आणि यू समोरासमोर असतात," काका म्हणाले. "एकमेकांना तोलून धरतात. ही बिचारा तिथे नसतो. म्हणून त्याला एसचं वजन लावलंय."

हे शास्त्र मला कुठल्याही व्याकरणात सापडलेलं नाही, आणि ते चूक आहे. पण मी गप्प बसले, कारण ते काकांना टिकलं. गडबड नंतर झाली. "शी डज नॉट गोज," काका म्हणाले.

"काका, डजमध्ये वजन गेलं ना? आता गोला परत कशाला लावता? एका डब्याला दोन वजनं?"

काका ओशाळले. "डबा छताला जाऊन आपटेल," ते म्हणाले. "शी डज नॉट गो." आणि ते वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं की मला वाटलं, त्यांना ते आवडलंय.

घरी प्रयोग सुरू झाले. दोन्ही दारं उघडी असली की मला ऐकू यायचं.

"यू टेक टी?"

मॅडमचं इंग्रजी पक्कं. कंपन्यांशी त्यांचं रोजचं बोलणं असतं. पहिल्यांदा त्या हसून म्हणाल्या, "येस. आय टेक टी. थँक यू." नंतर नुसतं, "येस." मग एक दिवस त्या माझ्या दारात आल्या. "तू शिकवतेस का हे? घरात हॉटेल काढल्यासारखं झालंय. काल मला म्हणाला, यू आर कम्फर्टेबल? मी स्वतःच्या पलंगावर बसले होते."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

पुढचा घोळ मी घातला. काकांनी विचारलं, माणूस समोर एकच, तर 'यू इज' का नाही, 'यू आर' कसं? मला उत्तर येत होतं, आणि उत्तर येत असलं की मला राहवत नाही. मी सांगितलं, इंग्रजीतही एकेकाळी 'तू' होता. दाऊ म्हणायचे. यू म्हणजे खरं तर तुम्ही. लोक हळूहळू सगळ्यांनाच तुम्ही म्हणायला लागले आणि तू बिचारा मागे पडला.

काका पेटीवरून उठले.

"म्हणजे मी इतके दिवस इंग्रजीतूनसुद्धा तुम्हीच म्हणतोय?"

"तसं म्हणायला हरकत नाही."

"मॅडमना माहीत आहे हे?"

"नसावं."

"सांगू नकोस," काका म्हणाले आणि परत बसले.

मग आम्ही पुढचा धडा घेतला. आय नो हिम. ही नोज मी. काकांनी हात वर केला.

"हा मी शेवटी कसा काय गेला?"

"तो आपला मी नव्हे, काका. इंग्रजीतला आहे. काम करतो तो आय. ज्याच्यावर काम होतं तो मी."

"आय करतो आणि मी सोसतो."

"साधारण."

काकांना ते पटलं. मी म्हटलं, आता मनानं वाक्यं करा, भूतकाळ चालेल. काका सरसावून बसले. शी कॉल्ड मी. शी टोल्ड मी. शी स्टॉप्ड मी. शी आस्क्ड मी. शी मॅरिड मी. एकही चूक नव्हती. मी ऐकत राहिले. हे पाठांतर नव्हतं, आत्मचरित्र होतं.

"आता आयनं सुरू करा," मी म्हणाले.

काका छताकडे बघत बसले.

"आय केम," ते म्हणाले, "व्हेन शी कॉल्ड मी."

त्याच आठवड्यात मॅडमना फोन आला. लांबच्या एका शहरात नवं हॉस्पिटल उभं राहत होतं. तिथला देखभाल विभाग पहिल्या खिळ्यापासून उभारायचा होता आणि प्रमुख म्हणून त्यांना मॅडम हव्या होत्या. राहायची सोय तिथेच. निवृत्तीच्या आधी असं काम पुन्हा येणार नव्हतं. सोमवारी सकाळी हो किंवा नाही कळवायचं होतं.

हे ऐकून काका जे म्हणाले, ते मॅडमनी मला माझ्या खोलीत येऊन सांगितलं. त्या बसल्या नाहीत. माझी खिडकी उघडत-लावत उभ्या राहिल्या.

"म्हणतो, जावंसं वाटत असेल तर जायला हरकत नसावी. हरकत नसावी! कोणाची? तू शिकलेली आहेस ना, त्या वाक्यात कोण आहे ते मला दाखव."

"कोणी नाही," मी म्हणाले. "तुम्हाला जायचंय का मॅडम?"

"काकू म्हण."

"हो मॅडम."

त्यांनी कपाळाला हात लावला. "या मजल्यावर सगळे एका माळेचे मणी." मग खिडकी लावली. "जायचंय. का नको? आयुष्यभर दुसऱ्यानं चुकीच्या जागी बसवलेले पंप दुरुस्त केले मी. पण त्याला काय हवंय, ते मला कळत नाही. दोरासाठी माझ्याशी तासभर भांडेल. स्वतःसाठी एक शब्द नाही."

"काका बोलतच नाहीत तसे."

"मी शिडी चढून गेले, विचारलं, तो हो मॅडम म्हणाला. मी त्याची साहेब. साहेबाला कोण नाही म्हणतं? हल्ली मला वाटतं, मी त्याला विचारलंच नाही. कामाला लावलं." त्यांचा आवाज जरा खाली आला. "त्यानं एकदा स्वतःसाठी नाही म्हणावं. जा म्हणाला तरी चालेल, पण तो म्हणाला पाहिजे. नाहीतर सोमवारी मी कळवून टाकते, आणि एकटीच जाते. त्याची एक खुर्ची त्याला परत."

मी तोंड उघडलं.

"आणि तू त्याला हे सांगायचं नाहीस," मॅडम म्हणाल्या. "तू सांगितलंस की तो तुझी ऑर्डर पाळेल."

त्या खरं बोलत होत्या.

मी काकांना जिन्यात गाठलं. दुसऱ्या मजल्यावर ते दम खायला थांबतात.

"काका, मॅडमनी जावं असं तुम्हाला वाटतं?"

"माझ्या वाटण्याचं काय? मोठी जागा आहे."

"काका."

त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं. "नाही वाटत," ते म्हणाले, चोरून काही विकत घेतल्यासारखं.

"मग?"

"मग काय? साहेबांना सांगू, बढती घेऊ नका? मी कोण?"

"नवरा."

काकांना हा मुद्दा नवा होता. तो घेऊन ते अर्धा जिना चढले. मग वळून म्हणाले, "इंग्रजीत कसं म्हणायचं?"

मी तिथेच, कठड्याला टेकून, सांगितलं. आय वॉन्ट यू टू स्टे.

"यात दोघं आहेत," काका म्हणाले.

"हो."

"आणि दोघांना आपापलं क्रियापद."

"वॉन्ट तुमचं. स्टे त्यांचं."

काकांनी वाक्य पाठ करायला घेतलं. दाढी करताना, जिना चढताना, नळाखाली हात धुताना. 'आय वॉन्ट'पर्यंत गाडी बरी यायची. पुढे ब्रेक लागायचा. शनिवारी पेपरवाल्यानं जिन्यात त्यांचं 'आय वॉन्ट' ऐकलं आणि तो त्यांना जादा पेपर देऊन गेला. काकांनी तो घेतला. नाही म्हणणं त्यांना जमलं नाही.

रविवारी दुपारी त्यांनी मला चहाला बोलावलं. साक्षीदार म्हणून असावं. स्वयंपाकघरात गोल टेबल, तीन खुर्च्या. मॅडम खिडकीपाशी शिवणयंत्रावर पडद्याला कड मारत होत्या. इथल्या खिडकीला पडदा होता. हा कुठल्या खिडकीचा, ते मी विचारलं नाही.

काकांनी कप खाली ठेवला.

"आय वॉन्ट," ते म्हणाले.

यंत्र थांबलं.

"व्हॉट डू यू वॉन्ट?" मॅडमनी विचारलं. त्यात चेष्टा नव्हती.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी साखरेच्या डब्याकडे बघितलं. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

"आय वॉन्ट..." काका म्हणाले. "प्रोफेसरनं वाक्य दिलं होतं. गेलं."

"जाऊ दे. तिचं राहू दे. तुझं सांग."

काका उभे राहिले. केबिनमध्ये उभे राहतात तसे, हात मागे बांधून. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मॅडम, तुम्ही जाऊ नका," ते म्हणाले. "मोठी जागा आहे, मला माहीत आहे. तुम्ही तिथे चांगलं कराल, तेही माहीत आहे. पण मला करमणार नाही. मी आता एकटा जेवू शकत नाही. म्हणून मी नाही म्हणतो."

'मॅडम' होतं. 'तुम्ही' होतं. दोन्हींना त्या घरात बंदी होती. पण मॅडमना त्यातलं काही ऐकूच गेलं नसावं.

"परत म्हण," त्या म्हणाल्या.

"ऑर्डर आहे?"

"नाही रे. विनंती आहे."

"नाही," काका म्हणाले. "जाऊ नका."

मॅडमनी चष्मा काढला आणि नव्या पडद्याच्या टोकानं पुसला. बराच वेळ पुसला.

"त्या दिवशी यंत्रखोलीत," त्या म्हणाल्या, "नाही म्हणायचं असतं, तर म्हणाला असतास?"

"तेव्हा कशाला म्हणेन? मला तर तुम्ही शिडी चढून यायच्या कितीतरी आधीपासून..." काकांनी वाक्य तिथेच सोडलं. "आणि तीन नंबरचा दरवाजा आवाज करत नव्हता. मी दोनदा बघितला."

"माहीत आहे. तू तिथून जायला हवा होतास. मला जरा खाली बसायचं होतं."

मी कप उचलला. तो रिकामा होता. तरी मी प्यायले.

"मला मात्र जायचंय," मॅडम म्हणाल्या.

"मी नको म्हणालो ना?"

"ऐकलं. म्हणून लगेच मान्य करू की काय?"

"मग विचारत कशाला होतात?"

"तू सांगत नव्हतास म्हणून!"

"आता सांगितलं, तर तुम्ही ऐकत नाही!"

"ऐकते आहे! पटत नाही एवढंच!"

मी त्या दोघांचं घरातलं पहिलं भांडण बघत होते. वाक्यांत माणसं परत आली होती, तीही दाटीवाटीनं. मी तुला म्हणाले होते. तुम्ही मला कधी विचारलंत. तुझं तोंड कोणी धरलं होतं. माझं मला माहीत. शिवणयंत्रावरून पडदा घसरून खाली पडला, तो कोणी उचलला नाही.

"तिथे येऊन मी काय करू?" काका म्हणाले. "परत तुमच्या हाताखाली? घरी तुम्ही, दारी तुम्ही?"

"तिथल्या लिफ्ट कंपनीच बघणार आहे. माझ्याकडे नाहीत. कंपनीला जुना माणूस मिळाला तर हवाच असतो."

"कंपनीचा माणूस तुमच्या हाताखाली नसतो?"

"छे. उलट मलाच त्याच्या मागे लागावं लागतं. रोज फोन करायचा, अहो, बघायला कधी येताय? आणि तो मला दाद देत नाही."

काकांच्या चेहऱ्यावर असा भाव मी पूर्वी पाहिला नव्हता. ते खुर्चीत बसले. पाठ टेकून बसले.

"मला विचार करायला वेळ पाहिजे," ते म्हणाले.

"उद्या सकाळपर्यंत कर."

"परवा."

"अरे, उद्या कळवायचंय!"

"मग त्यांना म्हणा, घरी विचारते आहे."

मॅडमनी खाली पडलेला पडदा उचलला.

सोमवारी सकाळी मी कामाला निघाले. कुलूप लावताना मॅडमचा फोनवरचा आवाज आला. "एक दिवस जादा लागेल मला," त्या सांगत होत्या. "नाही, नाही, अडचण काही नाही. आमच्याकडे जरा भांडण चालू आहे." एवढ्या अभिमानानं मी कोणाला भांडण सांगताना ऐकलेलं नाही.

मंगळवारी काकांनी हो म्हटलं. त्याआधी त्यांनी फ्रिज जिन्यावरून परत उतरवायला नाही म्हटलं. शिवाय नव्या ठिकाणी तळमजल्यावरचंच घर हवं, असंही बजावलं. मॅडमना वरचं हवं होतं, वारा येतो म्हणून. फ्रिज शेवटी मला मिळाला. मजल्याचा वाद सामान बांधायच्या दिवशीही मिटला नव्हता. काका खोक्याला दोरी आवळत होते, मॅडम गाठीवर बोट धरून होत्या, आणि दोघं एकमेकांना समजावत होते की तुला काही कळत नाही, तुम्हाला काही कळत नाही.

"प्रोफेसर, तू सांग," दोघं एकदम म्हणाले.

मी दोरी कापायला कात्री दिली.